आजोबांचा पट्टा आणि नातीचं डोमिसाईल

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतल्या बंगाली गावांतून बारावीच्या निकालानंतर डोमिसाईल (अधिवास) आणि ईडब्ल्यूएसचे (आर्थिक दुर्बल घटकाचे) अर्ज सेतूत जातात आणि त्यातले बरेच त्रुटी लागून परत येतात. अर्ज मुलीचा असतो, त्रुटी मात्र बहुतेक वेळा आजोबांच्या कागदात निघते. ही कुटुंबं पूर्व पाकिस्तानातून आलेली. सरकारनेच त्यांना तेव्हाच्या चांदा (म्हणजे चंद्रपूर) जिल्ह्यात वसवलं, जमिनीचे पट्टे दिले. तरीही तिसऱ्या पिढीला योजनेच्या दारात पुन्हा पुन्हा थांबावं लागतं, हे मनाला लागतं. म्हणून कोणती तारीख कुठे आडवी येते, ते नीट लिहून ठेवतो.

आधी नागरिकत्व. नागरिकत्व कायद्याचं कलम 3 जन्मतारखेवर चालतं. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. आईवडील कुठून आले हे तिथे पाहिलं जात नाही. 1 जुलै 1987 पासून जन्माच्या वेळी आईवडिलांपैकी एक जण नागरिक असावा लागतो. 3 डिसेंबर 2004 पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे आज कॉलेजात जाणाऱ्या मुलीसाठी वडिलांचा जन्म 1987 आधी इथे झाल्याचा पुरावा फार मोलाचा. वडील ज्या शाळेत पहिलीत गेले, तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढा. त्यात जन्मठिकाणाचा रकाना कोरा नाही ना, हे तिथेच पाहून घ्या. आधार कार्ड इथे उपयोगाचं नाही. ते नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधार कायद्यातच लिहिलेलं आहे.

गडचिरोली जिल्हा 1982 साली झाला आणि मुलचेरा तालुका त्याच्याही नंतरचा. त्यामुळे जुना पट्टा किंवा पुनर्वसनाची यादी गडचिरोलीत सापडली नाही, तर चंद्रपूरच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. अर्जावर गावाचं जुनं नाव, तेव्हाचा तालुका आणि आजोबांचं नाव त्या काळी जसं लिहिलं असेल तसं टाका.

नावांचा घोळ सगळ्यांत जास्त त्रास देतो. एकच माणूस पट्ट्यावर ‘बिश्वास’, सातबाऱ्यावर ‘विश्वास’. कुठे ‘मंडल’, कुठे ‘मोंडल’. बायकांचं तर आणखी अवघड. ‘कमला रानी मंडल’ या नावातला ‘रानी’ ऑनलाईन अर्जात मधल्या नावाच्या रकान्यात जातो आणि तपासणारा त्याला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव समजतो. मुलगा शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवा. दाखला हातात पडल्यावर तेच काम कितीतरी किचकट होतं. मोठ्यांसाठी राजपत्रात नावाची नोंद करून घेणं हाच पक्का मार्ग. जात, उत्पन्न, अधिवास यांच्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपरला पैसे घालू नका.

आता आरक्षण. या गावांतली नमशूद्र ही जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणून इथली मुलं खुल्या प्रवर्गात येतात आणि उरतो तो ईडब्ल्यूएसचा रस्ता. इथेही तारीख आहेच. राज्याच्या ईडब्ल्यूएससाठी अर्जदार किंवा त्याचं कुटुंब 13 ऑक्टोबर 1967 रोजी किंवा त्याआधीपासून महाराष्ट्राचं रहिवासी असावं लागतं. एखाद्या कुटुंबाचा पट्टा 1966 चा आणि शेजारच्याचा 1969 चा असेल, तर दोघांची गरिबी सारखीच असूनही दाखला एकालाच मिळतो. माझ्या मते ही अट सरकारने वसवलेल्या कुटुंबांना लावणंच चूक आहे. ती बदलेपर्यंत केंद्राचा ईडब्ल्यूएस दाखला वेगळ्या नमुन्यात मागा. त्याला 1967 ची अट नाही. मात्र केंद्राच्या नियमात कुटुंबाची शेती पाच एकर किंवा त्याहून जास्त असेल तर अर्ज बाद होतो. कुटुंब म्हणजे अर्जदार, आईवडील, अठरा वर्षांखालची भावंडं आणि लग्न झालं असल्यास जोडीदार व लहान मुलं. काका-आजोबांचा हिस्सा त्यात धरत नाहीत, पण सातबारा सामाईक असेल तर वडिलांचा हिस्सा वेगळा दाखवावा लागतो. आजोबा वारले असतील तर वारस फेरफार आधी करून घ्या. पीएम किसानचे वर्षाचे 6000 रुपयेही याच फेरफारावाचून अडतात.

पखांजूरहून सून आली असेल तर तिचे कागद छत्तीसगडचे निघतात. लाडकी बहीणसाठी परराज्यात जन्मलेल्या बाईच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालतं. जन्माची नोंदच नसेल तर आधी ग्रामपंचायतीतून अनुपलब्धता दाखला घ्या. वर्षाहून जुन्या जन्माची नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशानेच होते. बेकायदा घुसखोरीच्या संशयावरून 2025 पासून राज्यात ही तपासणी कडक झाली आहे, त्यामुळे शाळेचा किंवा दवाखान्याचा मूळ कागद जोडल्याशिवाय अर्ज टाकू नका.

सीएएचे (नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे) नियम 11 मार्च 2024 रोजी आले, तेव्हापासून ‘अर्ज भरून टाका’ असं सांगणारे गावोगाव भेटतात. घाई करू नका. तो अर्ज 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या आणि नागरिक नसलेल्या माणसासाठी आहे. 1972 साली इथे जन्मलेल्याने तो भरला, तर आपण परदेशी आहोत असं त्याने स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं. घरातल्या प्रत्येकाची जन्मतारीख आणि जन्मठिकाण एका कागदावर मांडा. कलम 3 मध्ये किंवा नागरिकत्वाच्या जुन्या नोंदणी प्रमाणपत्रात जो बसत नाही, तेवढ्यापुरताच वकिलाशी बोला.

आणि अर्ज नाकारला तर तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. अपिलात त्रुटीचा नेमका शब्द उतरवा आणि तिला उत्तर देणारा एकच कागद वर लावा.