तुम्ही विचारलंत म्हणून: "रोज चालते की मी, पुरे नाही का?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगलीत, गेली बावीस वर्षं. एवढ्या वर्षांत लोकांनी मला सगळ्यात जास्त वेळा काय विचारलं असेल तर हेच, "मॅडम, मी रोज चालायला जातो की, मग वेगळा व्यायाम कशाला?" विचारणारे सगळ्या वयाचे असतात, पस्तिशीचा बँकेतला मुलगा असतो, पन्नाशीच्या शिक्षिका बाई असतात, सत्तरी ओलांडलेले काका असतात. काकांच्या प्रश्नाला पुढे एक जोड असते, "आणि आता या वयात करून काय होणारे?" पेशंटच्या गर्दीत मी दरवेळी अर्धंमुर्धंच बोलते, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलेय.

सुरुवात माझ्या आईपासून करते.

आई तेव्हा ७१ वर्षांची होती. रोज पहाटे आमराईत चालायला जायची, थंडी असो पाऊस असो, खाडा नाही. बीपीची एक गोळी, बाकी तब्येत ठणठणीत. बाबा गेल्यापासून एकटीच राहायची, मी चार गल्ल्या सोडून. डिसेंबरातली एक दुपार, बाथरूमच्या उंबऱ्याशी तिचा पाय सटकला आणि ती खाली बसली. धाडकन पडली असंही नाही, दाराला धरत धरत बसलीच, हाड मोडलं नाही, साधं खरचटलंसुद्धा नाही. पण तिला उठताच येईना. हात टेकून बघितलं, कुशीवर वळून बघितलं, बेसिन धरून बघितलं, पण मांड्या शरीर उचलायलाच तयार नाहीत. मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला. जवळपास दोन तास ती त्या गार फरशीवर बसून होती, चार वाजता भांडीवाल्या मावशी आल्या, त्यांच्याकडे किल्ली होती म्हणून, नाहीतर संध्याकाळी मी फोन करून उचलला नाही म्हणून धावत जाईपर्यंत तिथेच.

मला कळलं तेव्हा आधी हेच मनात आलं की अरे, ही बाई तर रोज तीन किलोमीटर चालते! आणि दुसरी गोष्ट, जी मला अजून टोचते, ती म्हणजे सोफ्यावरून उठताना ती दोन्ही हात टेकते, आधी एकदा पुढे झोका घेते आणि मग उठते, हे मी वर्षभर डोळ्यांसमोर बघत होते. दवाखान्यात दुसऱ्या कुणाची आई तशी उठली असती तर मी तिथल्या तिथे बोलले असते. स्वतःच्या आईचं मात्र "वय झालं" म्हणून सोडून दिलं.

तर चालण्याबद्दल. चालणं सोडा असं मी कुणालाच कधी सांगणार नाही. हृदय, बीपी, साखर, झोप, मन, सगळ्याला त्याचा फायदा आहे आणि तो खरा आहे. १९५३ साली जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास छापला, ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर पायांवर, तर कंडक्टर लोकांना हार्ट अटॅक कमी येत होते आणि आला तरी जीव जाण्याचं प्रमाण कमी. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध नीट दाखवणारं हे सुरुवातीचं काम. पण हे सांगताना एक गोष्ट आपण विसरतो, ते कंडक्टर नुसते सपाटीवर चालत नव्हते, डबलडेकरचे जिने दिवसभर चढत-उतरत होते.

सपाट रस्त्यावर चालताना अंगाचा भार पायावर असतो तेव्हा गुडघा जेमतेम वाकतो, मांडीच्या पुढच्या स्नायूवर आणि बैठकीच्या स्नायूवर ताण येतोच कितीसा. आणि स्नायूचा नियम एकच, जेवढं काम द्याल तेवढाच तो राहतो. तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि त्यातही आधी जातात ते चपळ तंतू, म्हणजे ठेच लागल्यावर पटकन पाय पुढे टाकून सावरायला जे लागतात नेमके तेच. चालताना वापर होतो मुख्यतः दुसऱ्या, संथ तंतूंचा. म्हणून रोज चालणाऱ्या माणसाचासुद्धा दम टिकतो आणि ताकद जाते, आणि त्याला ते कळत नाही कारण चालताना तर काहीच त्रास होत नसतो.

माझ्या आजीला कुणी व्यायाम करायला सांगितलं नव्हतं. पाटावर बसून जेवण, खाली बसून भाजी चिरणं, उकिडवं बसून भांडी, संडास तसाच, दिवसातून पंचवीस-तीस वेळा ती जमिनीवरून उठत असेल. मग डायनिंग टेबल आलं, ओटा आला, कमोड आला, दिवाण जाऊन सोफा आला. यात वाईट काही नाही, आजीचं कष्टाचं आयुष्य परत यावं असं मला अजिबात वाटत नाही. पण पायांचं रोजचं काम गेलं, आणि त्याच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही.

आता वयांचं. सगळ्या वयांना एकच सल्ला चालत नाही, कारण प्रत्येक वयात शरीर वेगळी गोष्ट मागत असतं.

लहानपणी शरीर हाडं भरत असतं. मोठेपणीच्या हाडांच्या साठ्यातला साधारण चौथा हिस्सा वयात येतानाच्या दोनेक वर्षांतच जमा होतो, आणि तिशीच्या आतबाहेर हे भरणं थांबतं. हाड भरायला त्याच्यावर दणका बसावा लागतो, उड्या, पळणं, लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास हालचाल सांगते. आणि आपण काय करतो तर नेमकं सातवी-आठवीत मुलींचं मैदान बंद करतो, पाळी सुरू झाली म्हणून, क्लास सुरू झाले म्हणून. मला याची खरंच चीड येते. त्या मुलीच्या पासष्टीतल्या खुब्याच्या हाडाचा हिशोब त्या दोन-तीन वर्षांत होत असतो हो, दहावीत चार मार्क कमी पडले तर भरून काढता येतात, ही वर्षं परत येत नाहीत.

तिशी-चाळिशीतल्यांना वाटतं आपण बारीक आहोत म्हणजे फिट आहोत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. एक मॅरेथॉन पळणारा गोरा माणूस, आणि एक आपल्यासारखा, हातपाय बारीक, चरबी आत लपलेली. माझ्याकडे येणारे कितीतरी आयटीवाले, बँकवाले असेच असतात, वजन ६२ किलो आणि शुगर बॉर्डरच्या पलीकडे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात, आणि काम करणारा स्नायू तर इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर आत ओढतो. म्हणजे स्नायू म्हणजे साखरेचं कोठार, कोठारच लहान असेल तर साखर रक्तातच फिरत राहणार. पस्तिशीच्या त्या बँकेतल्या मुलाला मी म्हणूनच सांगते की बाबा रे, चाल, जरूर चाल, पण आठवड्यातून दोन दिवस जोर-बैठका मार, जिमला गेलास तरी चालेल.

उलटं उदाहरणही आमच्याकडे भरपूर. सांगली-कोल्हापूर म्हणजे तालमींचा भाग, विशीत हजार हजार बैठका मारलेली माणसं इथे गल्लोगल्ली सापडतात. पण तालीम सुटली आणि खुराक तसाच राहिला तर चाळिशीत वजन, बीपी, शुगर सगळं मागे लागतं. विशीत केलेला व्यायाम पन्नाशीपर्यंत पुरत नाही, त्याची बचत होत नाही. हाडांची थोडीफार होते, स्नायूंची आणि दमाची नाही.

बायकांचं वेगळं सांगते. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा लवकर, आणि त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडं झपाट्याने झिजतात. या काळात नुसत्या चालण्याने हाडांना फारसा आधार मिळत नाही, वजन उचलावं लागतं, पायांवर जोर द्यावा लागतो. आणि नेमक्या याच वयात आमच्या बायका सुनेचं बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, स्वतःचं गुडघेदुखीचं सुरू झालेलं दुखणं यात अडकलेल्या असतात, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं, "जड उचलू नकोस." दुखऱ्या गुडघ्याला मांडीचा मजबूत स्नायू हाच आधार असतो, आराम देऊन देऊन तो अजून बारीक होतो आणि गुडघा अजून दुखतो.

आरामावरून सांगायचंच आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच तरुणांना, सगळे विशीतले, धडधाकट, तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं. तर तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या दमाचं जेवढं नुकसान झालं त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांनी झालं होतं! आणि पन्नाशीत सहा महिने हळूहळू व्यायाम करून घेतल्यावर त्यांचा दम पुन्हा विशीत मोजला होता तेवढा झाला. ताप आला, ऑपरेशन झालं, कंबर धरली की आपल्याकडे माणसाला महिना-महिना झोपवून ठेवतात, प्रेमापोटीच ठेवतात, पण म्हाताऱ्या माणसाचे पाय त्यातून परत येत नाहीत ते यामुळे.

आता काकांचा प्रश्न, या वयात काय होणार.

१९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला, हलकाफुलका नाही, चांगला जड. वयं होती ८६ ते ९६. त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. मारिया फियातारोने या डॉक्टरबाईंचं हे काम. शिकत असताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण त्याचा अर्थ मला कळला तो आईच्या स्वयंपाकघरात.

आईच्या डॉक्टरांना विचारून आम्ही पडल्याच्या आठवड्याभरात सुरुवात केली. एक लाकडी खुर्ची, त्यावर सतरंजीच्या तीन घड्या, म्हणजे बसायची उंची वाढली. हात छातीवर घडी करून उठायचं, परत सावकाश बसायचं, धपकन नाही. पहिल्या दिवशी तीन वेळा जमलं, चौथ्याला पाय थरथरले आणि तिने खुर्चीचा हात धरला. तोंड इतकंसं झालं होतं तिचं. दिवसाआड करायचो. दहा दिवसांनी सतरंजीची एक घडी काढली, मग दुसरी, महिन्याभरात खुर्ची नुसती. शिवाय ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहणं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आलटून पालटून. मग दोन्ही हातांत एकेक किलोची मिठाची पिशवी घेऊन उठणं. मार्चमध्ये घड्याळ लावून मोजलं, तीस सेकंदांत अकरा वेळा उठली. तिच्या वयाच्या बायकांना दहाच्या खाली जमत असेल तर पडण्याचा धोका जास्त धरतात.

एप्रिलात मी एकदा दुपारी गेले तर घरात नाही, वर गच्चीवर. खाली फतकल मारून बसून सांडगे घालत होती. मला बघितलं आणि पीठाचे हात वर धरून, एक गुडघा टेकून, त्या पायावर जोर देऊन उठली. हात टेकलेच नाहीत, पीठ लागलं होतं ना. तिच्या लक्षातही आलं नाही आपण काय केलं ते. मी जिन्याच्या दारात उभी राहून रडले.

तर तुम्ही काय करायचं. मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं आहेच, ते सोडू नका. त्यात दोन दिवस ताकदीचा व्यायाम घाला, आईसारखं खुर्चीतून उठणं-बसणं, आणि पासष्टीच्या पुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचाही. हृदयाचा त्रास असेल, बीपी आटोक्यात नसेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. करताना श्वास रोखू नका, उठताना सोडा, बसताना घ्या. छातीत दुखलं, गरगरलं, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरू नका, पण गुडघा सुजला तर मात्र खुर्चीची उंची वाढवा, सतरंजीची अजून एक घडी घाला.

आणि आज घरी गेल्यावर आई-बाबा खुर्चीतून कसे उठतात तेवढं नीट बघा. त्यांना सुरू करून देणार असाल तर खुर्ची भिंतीला टेकवूनच ठेवा, चाकांची नको आणि प्लास्टिकचीही नको, ती फरशीवर सरकते.