घडीपासून सुरुवात : मुंजीच्या पत्रिका हाताने करताना

भाच्याची मुंज माघात काढायचं ठरलं तेव्हा वहिनी म्हणाली, "पत्रिका छापून आणायच्या नाहीत गो, तूच कर." मी वर्षानुवर्षं घरच्यांना वाढदिवसाची, पाडव्याची कार्डं करून देत आले आहे. पण ती एकेक. शंभरावर पत्रिका, सगळ्या सारख्या, आणि त्यातली पहिली मंगेशाच्या पायांशी ठेवायची, हे काम वेगळं आहे. एक कार्ड नजरेच्या अंदाजाने जमतं. शंभर करायची तर अवजार लागतं, आणि अवजार कागदावर नेमकं काय करतं हे समजून घ्यावं लागतं. फोंड्यात बसून मी हे कसं पार पाडलं ते सविस्तर लिहिते, कारण मराठीत याबद्दल वाचायला मला फारसं मिळालं नाही.

सुरुवात मी घडीपासून केली. जाड कागद तसाच दुमडला की घडीच्या बाहेरचे तंतू ताणले जातात, आतले चेंगरतात, आणि बाहेरचा थर तडकतो. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत लेप असलेलं आर्ट कार्ड घेतलंत तर घडीवर पांढरी भेग हमखास दिसते. म्हणून आधी रेघ दाबायची. छापखान्यात याला क्रीजिंग म्हणतात, हस्तकलेच्या दुकानांत स्कोअरिंग. रेघ दाबणं म्हणजे कापणं नाही. कटरच्या पात्याची पाठ फिरवून रेघ मारायची सवय बऱ्याच जणांना असते, पण पात्याने तंतू तुटतात आणि चार वेळा उघडझाप झाली की पत्रिका तिथेच सुटते. टोक गोलसर हवं. संपलेल्या बॉलपेनचं टोक, विणकामाची सुई, क्रोशाच्या सुईची मागची बाजू, यांपैकी काहीही सुरुवातीला चालतं.

मग दिशा. दाबलेल्या बाजूला खोबण पडते आणि मागच्या बाजूला बारीक उंचवटा उठतो. कागद खोबणीकडे मिटवावा असं हाताला आपोआप वाटतं, पण घालायचं उलट: उंचवटा घडीच्या आत, खोबण बाहेर. अशी घडी घातली की बाहेरच्या तंतूंवर ताण कमी येतो आणि पाठ सरळ राहते. एकाच कागदाच्या दोन पट्ट्या कापून दोन्ही तऱ्हांनी दुमडून बघा, फरक बोटाला कळतो.

पणजीला एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करणाऱ्या वयस्क गृहस्थांकडे मी कागद दाखवायला गेले होते. त्यांनी कार्डशीट हातात घेतलं, एकदा उभं वाकवलं, एकदा आडवं, आणि म्हणाले, "बाय, हा आडवा दुमडू नकोस." गिरणीच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने लागलेले असतात. बांबू जसा उभा सरळ फुटतो आणि आडवा फोडताना कुसळं निघतात, तसंच इथे. तंतूंना समांतर घडी स्वच्छ बसते, आडवी घडी खरखरीत होते. ओळखायची रीत सोपी आहे: ज्या बाजूने कागद कमी जोर लावून वाकतो, तंतू त्या वाकण्याच्या रेषेला समांतर असतात. किंवा छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला करायचा. तो गुंडाळी होऊ लागतो, आणि गुंडाळीची लांबी असते तीच तंतूंची दिशा, कारण ओल लागली की तंतू लांबीपेक्षा रुंदीने जास्त फुगतात. आता कुठलाही कार्डशीट घेतला की मी मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बाण करून ठेवते.

आता अवजारांकडे. स्कोअरिंग बोर्ड म्हणजे ठरावीक अंतरावर खोबणी असलेली प्लास्टिकची पाटी. वरच्या आणि डावीकडच्या कडेला कागद टेकवायचा आणि हव्या त्या खोबणीवरून टोक ओढायचं. आपल्याकडे मिळणारे बरेचसे बोर्ड इंचांचे असतात, दर अष्टमांश इंचाला एक खोबण. ते अमेरिकेतल्या साडेआठ बाय अकरा इंची कागदासाठी सोयीचे आहेत: अकराचा मध्य साडेपाच, तिथे खोबण आहे. आपला ए-फोर २९७ मिलिमीटर. त्याचा मध्य १४८.५, म्हणजे ५.८५ इंचांच्या जरा आत, आणि तिथे खोबणच नाही. जवळची पाच पूर्णांक सात अष्टमांशची खोबण घेतली तर रेघ पाऊण मिलिमीटरने सरकते, आणि मिटल्यावर एक बाजू दुसरीपेक्षा जवळजवळ दीड मिलिमीटर बाहेर डोकावते. ए-फोरच वापरायचा असेल तर मेट्रिक बोर्ड शोधा, नाहीतर पोलादी पट्टीला धरून रेघ दाबा. इंची बोर्ड घरात असेल तर कागदच इंचांत कापा. मी तेच केलं: दहा बाय सातचा तुकडा, पाचावर घडी.

रेघ दाबून झाल्यावर घडी घासून बसवायला बोन फोल्डर लागतो. नावाप्रमाणे तो परंपरेने जनावराच्या हाडाचा असतो. आईने तो काय आहे हे विचारलं आणि सांगितल्यावर तिचा चेहरा बदलला. "देवाकडे ठेवायची पत्रिका हाडाने घासणार?" तिचं म्हणणं मला पटलं, नुसतं तिच्या समाधानासाठी नव्हे. मुंजीच्या पत्रिकेत शोभेल असंच सगळं साहित्य असावं ही भावना मलाही आहे. बांबूचा फोल्डर घेतला, कडा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून घेतल्या. पुढे टेफ्लॉनचाही एक घेतला, कारण हाडाचा, बांबूचा किंवा साध्या प्लास्टिकचा फोल्डर जोरात घासला की गडद रंगाच्या कागदावर चकाकणारा पट्टा उमटतो. टेफ्लॉनने तो उमटत नाही. दुसरे कुठले पैसे वाचवायचे असतील तर वाचवा, पण मरून किंवा गडद हिरवा कागद वापरणार असाल तर हा घ्याच.

कागद मी हातकागद निवडला, सुती चिंध्यांपासून केलेला, २२ बाय ३० इंची ताव. त्यात तंतू सगळ्या दिशांना विखुरलेले असल्याने आडव्या-उभ्याची चिंता फारशी राहत नाही, आणि सुती तंतू लांब असल्याने उठावही, म्हणजे कागदच वर उचलून केलेलं चित्रही, छान घेतो. एका तावातून दहा बाय सातचे नऊ तुकडे निघतात. हातकागदाच्या कडा दंतुर असतात, आणि बोर्डाला टेकवायला सरळ कड हवी. म्हणून सुताराचा गुण्या लावून प्रत्येक तुकड्याच्या दोन कडा काटकोनात कापल्या आणि बोर्डाला नेहमी कापलेलीच कड टेकवली. बाहेरच्या तुकड्यांची उरलेली दंतुर कड पत्रिकेच्या उघडणाऱ्या बाजूला ठेवली. ती तशीच सुंदर दिसते. हातकागदावर रेघ एका दमात जोराने ओढू नये. हलक्या हाताने तीन-चार वेळा ओढली की खोबण खोल जाते आणि पृष्ठभाग उसवत नाही.

यानंतरचं काम मला सगळ्यात आवडलं, ते उठावाचं. शाई न लावता कागदच वर उचलून चित्र करायचं. चित्र कोणतं याबद्दल घरात मतभेद नव्हते: मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ, वर 'श्री'. बाजारात एम्बॉसिंगचे तयार साचे मिळतात, पण बहुतेकांवर बर्फाचे कण, घंटा, फुलपाखरं. मडगावची माझी मैत्रीण नाताळची कार्डं करते, तिला ते उपयोगी पडतात. दीपस्तंभ आणि समई कुठे मिळणार? म्हणून साचा स्वतः कापला, जुन्या एक्स-रे फिल्ममधून. हातमोजे घालून फिल्म ब्लीचच्या पाण्यात भिजवायची, घासली की काळा थर निघून स्वच्छ पारदर्शक पत्रा राहतो. तो चिवट असतो आणि बारीक टोकाच्या कटरने नेमका कापता येतो.

साचा काढताना लक्षात ठेवायचं की जिथे भोक तिथे उठाव. पूर्ण दीपस्तंभाची आकृती कापली असती तर एक सपाट फुगवटा आला असता. मी प्रत्येक मजल्याच्या कमानी आणि मजल्यांमधल्या पट्ट्या तेवढ्या कापल्या, भिंत तशीच ठेवली. उजेड तिरपा पडला की स्तंभ उभा राहतो. अक्षरांत वेगळी अडचण येते: 'श्री'च्या वेटोळ्यातला इवलासा तुकडा कापताना सुटून पडतो. साचा दुसऱ्या पातळ पारदर्शक फिल्मवर चिकटवला की तो तुकडाही आपल्या जागी चिकटवता येतो.

हाताने उठवायचं तर खाली उजेड हवा. लाइट बॉक्स नसेल तर खिडकीची काच पुरते. साचा काचेवर उलटा चिकटवायचा, म्हणजे 'श्री' आरशात दिसतो तसा, आणि त्यावर कागद पालथा ठेवायचा. मग मागून गोल टोकाच्या दाबणीने भोकाच्या कडेकडेने फिरायचं. आधी मोठा गोळा, मग बारीक. थेट बारीक टोकाने सुरुवात केली तर कागद ताणला न जाता भोसकला जातो. मागच्या बाजूला मेणकागद हलकेच घासून घेतला की टोक अडखळत नाही. मधला भाग घोटत बसू नका, कड नीट उमटली की मधलं आपोआप वर येतं. जाड हातकागदातून उजेड कमी येतो, म्हणून हे काम मी भर दुपारी, सोप्यातल्या खिडकीवर करायची.

पण शंभर पत्रिका अशा केल्या असत्या तर मनगट राहिलं नसतं. मैत्रिणीने तिचं हाताने फिरवायचं रोलरचं यंत्र दिलं. त्यात यंत्राचे पत्रे, साचा, कागद आणि एम्बॉसिंगची रबरी मॅट यांची चळत करून दांडा फिरवायचा, रबर कागदाला साच्याच्या भोकात ढकलतं. म्हणजे महागड्या तयार साच्यांवाचून स्वतः कापलेल्या फिल्मने काम होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. एका फिल्मने उठाव पुसट आला, दोन एकावर एक चिकटवल्यावर ठसठशीत. हातकागद एकसारख्या जाडीचा नसतो, म्हणून चळतीत साध्या कागदाचा एकेक पान वाढवत दाब जुळवायचा. दांडा अडला तर जोर करू नये, पान काढावं. पत्रे वाकू लागले की उलटे घालावेत.

हवेबद्दल स्वतंत्रपणे लिहायलाच हवं, कारण गोव्यात कागदाचा खरा मालक पाऊस आहे. सराव मी भाद्रपदात केला, काम थंडीत. दोन्ही वेळचा कागद एकच, पण वागणूक वेगळी. पावसात कागद मऊ असतो, उठाव पटकन येतो, तडकत नाही, पण हवेतली ओल तशीच राहिल्याने दोन दिवसांत तो बसू लागतो. थंडीतल्या कोरड्या सकाळी कागद कडक, उठावाच्या टोकाला भेग पडण्याची भीती. त्यावर उपाय सापडला: मागच्या बाजूला पाण्याचा अगदी हलका फवारा, थोडं थांबायचं, मग यंत्रात घालायचं. तंतू सैल होतात, आणि नंतर सुकताना उठलेल्या आकारातच घट्ट होतात. तयार पत्रिका पत्र्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवल्या. पावसाळ्यात काम करावंच लागलं तर ही पेटी विसरू नका.

उष्णतेने वितळणारी एम्बॉसिंग पावडर मी करून पाहिली आणि बाजूला ठेवली. केस वाळवायच्या ड्रायरने ती नीट वितळत नाही, उलट उडते. हीट गन लागते. शिवाय ती चकाकी मुंजीच्या पत्रिकेला नको होती.

क्रम मी असा ठरवला: आधी उठाव, मग नेमक्या मापाची छाटणी, मग घडीची रेघ, शेवटी घडी. उठाव घेताना कागद किंचित आत ओढला जातो, त्यामुळे आधी छाटलेलं माप बिघडतं. आणि रेघ दाबून मग रोलरमधून काढलं तर रेघच चपटी होते. मजकूर आत वेगळ्या पातळ पानावर छापून घेतला आणि घडीवर पिवळ्या सुती दोऱ्याने बांधला. आतल्या पानाची जाडी धरून मुखपृष्ठाला एकाऐवजी दोन रेघा दाबल्या, दोन मिलिमीटर अंतराने. नाहीतर पत्रिका मिटत नाही, तोंड उघडं राहतं.

एक कल्पना वहिनीची. पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात, आणि ते पसरतं. तिने विचारलं, त्यासाठी जागा करता येईल का? मोठ्या गोळ्याच्या दाबणीने, खाली रबरी मॅट ठेवून, चारही कोपऱ्यांत पुढून एकेक वाटोळी खळगी दाबली. बोटाने कुंकू लावलं की ते खळगीत बसतं, भोवतीचा कागद पांढराशुभ्र राहतो. पत्रिका पाहणारे दीपस्तंभाआधी त्याच खळग्यांबद्दल विचारतात.

घड्या बसवायला वर जड पुस्तकं ठेवू नयेत, उठाव चेपतो. फक्त घडीच्या कडेवर लाकडी फळी ठेवून वजन द्यावं. मुंबई-पुण्याला टपालाने पाठवायच्या पत्रिकांत उठावाच्या आकाराची खिडकी कापलेला जाड पुठ्ठा घातला, म्हणजे शिक्क्याचा आणि गठ्ठ्याचा भार पुठ्ठ्यावर येतो. त्या सगळ्या उठावासकट पोचल्याचे फोन आले. आता शेजारच्या घरातल्या लग्नाची मागणी आली आहे, त्यांना दुहेरी उघडणारी पत्रिका हवी आहे, दाराच्या दोन झडपांसारखी मध्यावर मिटणारी. त्यासाठी दहा इंची कागदावर अडीच आणि साडेसात इंचांवर रेघा लागतील. सध्या तेवढ्या रुंद झडपेवर जाड हातकागद सपाट राहतो का, हे पट्ट्या कापून बघते आहे.