ग्रंथोत्सव गावात भरवताना

सोयाबीनच्या राशी होईपर्यंत मराठवाड्यात तारीख धरूच नका; मांडव रिकामा राहतो. हुरड्याचे दिवस बरे. चार-पाच वाचनालयं एकत्र येणार असतील तर खरी गफलत पुस्तकांत होते. प्रत्येक वाचनालयाच्या पुस्तकांच्या कण्यावर वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावा आणि दाखल क्रमांकांची (वाचनालयाच्या नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला दिलेल्या क्रमांकांची) यादी दोन प्रतींत करा: एक टेबलावर, एक ग्रंथपालाकडे. मोजणी रोज संध्याकाळी, मांडवातच. शेवटच्या दिवशी एकदम मोजलं की हरवलेलं पुस्तक कुणाचं, यावरच भांडण. ग्रंथदिंडी सकाळी आठलाच काढा, पालखीत पाच-सहाच ग्रंथ ठेवा. शाळेच्या पोरांना ती खांद्यावर न्यायची असते. जनरेटर मांडवामागे लांब लावा, नाहीतर कविसंमेलनात त्याचीच कविता ऐकू येते. सत्कार मात्र तीनच.