पोतं नाही, तरी डाळ खाली

परवा लातूर एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमधून फोन, "सर, लवकर या, पोतं नसताना बी डाळ सोडूलालंय मशीन." गेलो तर बॅगिंग मशीनखाली तूरडाळीचा ढीग, दोन बाया सुपानं भरायल्या आणि शेठ डोक्याला हात लावून. एका झटक्यात 30 किलो खाली येतं म्हणल्यावर माणूस दुसरं काय करणार.

साधं काम आहे मशीनचं, पोतं क्लॅम्पमध्ये धरलं की प्रॉक्सीमिटी सेन्सर (न शिवता जवळची वस्तू ओळखणारा) सिग्नल देतो, मग पीएलसी, म्हणजे मशीनचा कंट्रोलर, गेट उघडतो. आता पोतं नसताना गेट उघडतंय म्हणजे पीएलसीला कुठून तरी खोटा सिग्नल भेटतोय. शेठचं म्हणणं पीएलसीच गेला, नवीन टाका. आधी येऊन गेलेल्या एका भाऊनं तर प्रोग्राममध्ये अर्ध्या सेकंदाचा टायमर टाकून ठेवला होता, म्हणजे दुखतंय पोटात अन् पट्टी डोक्याला.

मी आधी पीएलसीच्या कार्डावर, जिथं सेन्सरची वायर येते, तिथली इनपुटची लाईट बघितली. क्लॅम्प उघडा, तरी ती मंद पेटलेली, बाजूच्यांसारखी लख्ख नाही. वायर काढली, लाईट विझली. म्हणजे कार्ड चांगलं, सिग्नल बाहेरूनच येतोय. आता सुट्ट्या वायरला मीटर लावला तर 22 व्होल्ट! नवीन पोरं हितंच फसतात, म्हणतात सेन्सर शॉर्ट आहे, बदला. अरे पण मीटर काही करंट खात नाही, त्याला कुठं पण व्होल्टेज दिसणार. वायर परत जोडून मोजलं तर 8.4.

मग विचारलं, मामा, सेन्सर कधी बदलला का? ऑपरेटर मामा म्हणले, हाव, महिना झाला, जुना तुटला तर दुकानात तसला नव्हता, "ह्यो दोन वायरीचा दिला, म्हणला चालतंय."

हितंच सगळी गोम. तीन वायरच्याला सप्लाय वेगळा असतो, दोन वायरचा मात्र ऑफ असला तरी स्वतः जिवंत राहायला त्याच लाईनीतून थोडा करंट ओढतो, इथं साधारण दीड मिलिअँपिअर, आणि तोच पुढं इनपुटमधून जातो, ह्यालाच लीकेज म्हणतात. ह्या कार्डाला 5 व्होल्टच्या आत ऑफ, 15 च्या वर ऑन, मधल्या 8.4 चा काही भरवसा नाही. त्यात डाळ वर नेणाऱ्या एलिव्हेटरची व्हीएफडी (मोटरचा स्पीड सांभाळणारं ड्राइव्ह) चालू झाली की तिचा इलेक्ट्रिकल नॉइज वर चढणार, कारण दोन्ही केबली एकाच ट्रेमध्ये कोंबलेल्या. म्हणूनच डाळ एलिव्हेटर चालू असतानाच सांडायची, सकाळी ट्रायल घेतली की मशीन एकदम शहाणं.

इनपुट आणि मायनसच्या मधे 2.2 किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर टाकला, लीकेजला दुसरी वाट भेटली, व्होल्टेज अडीचच्या खाली आलं, लाईट पूर्ण बंद. क्लॅम्प दाबला तर 20 व्होल्ट, लख्ख. तो टायमर काढून टाकला, केबल व्हीएफडीपासून बाजूला घेतली आणि शेठला तीन वायरचा पीएनपी (ऑन झाला की प्लस देणारा) सेन्सर मागवायला लावला. मागवतील का नाही देव जाणे, चालू झालं की कोण बघतंय.

निघताना पॅनलच्या दाराला आतून मार्करनं लिहिलं, "हा रेझिस्टर मुद्दाम लावलाय, काढू नका." कारण टर्मिनलवर असलं लोंबकळणारं काही दिसलं की कचरा समजून कापणारे बरेच भेटतात, मी पण एकदा कापलाय.