खंडेनवमीला मशिनची पूजा : माझा अनुभव

खंडेनवमीची पूजा अर्ध्या तासात उरकते. तिच्या आधीची साफसफाई मात्र अख्खा दिवस खाते, आणि चुका होतात त्या तिथेच. आश्विन शुद्ध नवमीला पूजा, म्हणून अष्टमीच्या दुपारी आम्ही वर्कशॉपच्या शेडमधली मशिनं बंद करतो. पंचांग आधीच बघून ठेवतो. दसरा अपराह्णातल्या दशमीवर धरतात, त्यामुळे एखाद्या वर्षी खंडेनवमी आणि दसरा एकाच दिवशी येतात आणि तयारीचा हिशोब चुकतो.

सुरुवात लेथपासून, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कातणाऱ्या मशिनपासून. मेन स्विच खाली, फ्यूज काढून खिशात. बर, म्हणजे कातताना निघालेला धातूचा चुरा, काढायची ती ब्रशने आणि लोखंडी आकड्याने. हवेचा पाइप मारण्याचा मोह होतो, पण त्याने बारीक कण सॅडलच्या (बेडवर सरकणाऱ्या भागाच्या) वायपरखाली घुसतात आणि पुढे बेडवर, म्हणजे लेथच्या लांब पायावर, ओरखडे उठतात. मग चकचे, म्हणजे जॉब (कातायचा तुकडा) पकडून फिरवणाऱ्या भागाचे, तीन जॉ (जबडे) काढायचे. त्यांच्यावर १, २, ३ असे आकडे असतात, तसेच चकच्या खाचांवरही. बसवताना स्क्रोलच्या (चकमधल्या आटे असलेल्या चकतीच्या) आट्याचे तोंड १ नंबरच्या खाचेत दिसले की पहिला जॉ आत, थोडे फिरवून दुसरा, मग तिसरा. क्रम चुकला तर जॉ मधोमध भेटत नाहीत आणि जॉब वाकडा फिरतो. एका लेथला अर्धा लिटर डिझेल पुसायला पुरते. कोरड्या फडक्याने परत पुसून बेडवर ६८ नंबरचे स्लाइड ऑइल, अगदी पातळ. ओघळेल इतके लावले की दुसऱ्या दिवशी झेंडूच्या पाकळ्या चिकटून बसतात.

कूलंटची, म्हणजे कातताना थंडाव्यासाठी सोडतात त्या द्रवाची, टाकी उपसून तळाचा गाळ काढतो आणि पूजा होईपर्यंत झाकून ठेवतो. फुले आत पडली की पंपाची जाळी तुंबते. ग्राइंडरच्या चाकाला तेल लागू द्यायचे नाही. चाक आणि टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) यांमधली फट ३ मिमीच्या आत आणायला हाच दिवस बरा, एरवी तिकडे कोण बघतो? डिझेलच्या चिंध्या त्याच संध्याकाळी शेडबाहेर. उद्या तिथेच कापूर पेटणार असतो.

नवमीला पाटावर तांदूळ, त्यावर विड्याचे पान आणि सुपारीचा गणपती. बाजूला नट-बोल्टचे पाने, कानशी, हातोडी, छिन्नी, मोजमापाचा व्हर्निअर मांडतो. हळद-कुंकू, अक्षता, फुले, मग आरती. खरा प्रश्न कुंकू लावायचे कुठे हा. आम्ही ते फक्त रंगवलेल्या भागावर लावतो: हेडस्टॉकचे (चक फिरवणाऱ्या पेटीचे) झाकण, ड्रिलचा खांब, मोटरचे कव्हर. उघड्या बिडावर (ओतीव लोखंडावर) ओले कुंकू ओल धरून ठेवते आणि सकाळी त्याखाली गंजाचा गोल डाग निघतो. चकला किंवा बेडला बोट लावायचा कुणाचा आग्रहच असेल तर कोरडेच लावावे आणि आरती झाली की पुसून तेल फिरवावे. मायक्रोमीटरची पूजा त्याच्या डबीची. तो ठेवतानाही स्पिंडल आणि अँव्हिल (मापायची दोन टोके) एकमेकांना टेकवायचे नाहीत, थोडी फट राहू द्यायची.

नारळ शेडच्या उंबऱ्याबाहेर दगडावर फोडतो. नारळाच्या पाण्यात क्षार असतात, लिंबात आम्ल. दोन्हीही बिडाचे वैरी. पूर्वी बेडवरच नारळ आपटायची हौस असे. त्या खुणा जुन्या लेथवर अजून दिसतात. हार हेडस्टॉकला बांधतो, चकमध्ये अडकवत नाही.

त्या दिवशी मशिन चालू करत नाहीत. दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे सकाळी पुन्हा स्विच लावण्याची घाई सगळ्यांनाच असते. तरी आधी हार, दोरे आणि अक्षतांचे दाणे काढायचे. दोऱ्याचा एक तुकडा लीड स्क्रूत (सॅडल सरकवणाऱ्या लांब आट्यात) गुंडाळला गेला तरी तास जातो. चकची चावी बाहेर आहे ना, ते हाताने चाचपून बघायचे. हेडस्टॉकच्या काचेत तेलाची पातळी बघायची, चक एकदा हाताने फिरवायचा, मगच फ्यूज जागेवर. सगळ्यात कमी वेगावर दहा मिनिटे रिकामा चालवून आवाज ऐकायचा. त्यानंतर पितळेच्या तुकड्यावर हलकासा फेसिंग (तोंड सपाट करणारा) कट. त्यात जॉब वाकडा फिरताना दिसला तर जॉचा क्रम परत तपासा.