कंपन्या सरळ का बोलत नाहीत?

तुमच्या कंपनीकडून आलेला 'पुनर्रचने'चा मेल मला पाठवून तुम्ही विचारलंत, की कंपन्या सरळ का बोलत नाहीत, म्हणून सांगते. संस्था बदलायला लागल्या की काय भाषा बोलतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय. हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी मोबाइल पुढे करून एचआरचा मेल दाखवतं आणि विचारतं, "हे लोक सरळ का नाही हो लिहीत?"

एकाने लिहिलं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पत्र पाठवलं. भर समुद्रात तेलविहिरीच्या फलाटाला आग लागलीय. तिथेच जळायचं की बर्फगार पाण्यात उडी टाकायची, एवढंच माणसाच्या हातात आहे. आपणही अशाच फलाटावर उभे आहोत, असं ते पत्र. काही आडपडदा नाही. पण पत्र फुटलं आणि जगभर छापून आलं. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टच्या विंडोजकडे जायचं जाहीर झालं, ते फोन यायला मात्र वर्षाची अखेर उजाडली. तोवर, मालकानेच जळका म्हटलेला माल कोण घेणार? नोकियाच्या घसरणीत आयफोन-अँड्रॉइडचा वाटा किती आणि या पत्राचा किती, यावर अजून भांडणं चालतात.

आता जुलै २०१४. नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेलेला, इलॉपही तिकडेच. पुन्हा पत्र. सुरुवात 'हॅलो देअर' अशी. हे पत्र मी वर्गात वाटते आणि सांगते, नोकरी गेल्याचं जिथे कळतं तिथे बोट ठेवा. बोटं खाली सरकत राहतात. धोरण, उत्पादनं, नवी दिशा... अकराव्या परिच्छेदात येतं की साधारण १२,५०० जणांची घट होईल असा अंदाज आहे. कोणी कोणाला काढत नाही, घट आपली आपण होते!

माणूस तोच, म्हणजे हा धाडसाचा प्रश्न नाही. पत्र आणखी कोण कोण वाचणार, याचा हिशेब असतो. संस्थांमधल्या संवादाचे अभ्यासक एरिक आयझेनबर्ग यांनी १९८४ मध्येच मांडलं होतं की मोघम बोलण्याने वेगवेगळ्या मताची माणसं एका झेंड्याखाली राहतात, बदल पचतो, आणि उद्या शब्द फिरवायलाही वाव राहतो. वरच्यांच्या खुर्च्याही त्यानेच सांभाळल्या जातात, हेही त्यांनी लिहिलंय. मॅनेजमेंटवाले तेवढं वाक्य सोयीने गाळतात, असा माझा अनुभव.

माझं मत विचाराल तर, दिशाच ठरलेली नसेल तेव्हा मोघम बोलणं मी समजू शकते. नावांची यादी तयार असताना तसं बोलणं हा निव्वळ दुष्टपणा.

म्हणून मेल हातात आला की विशेषणं सोडून मी आधी तारीख आणि आकडा शोधते. तुमच्या मेलमध्ये 'पुनर्रचना' चार वेळा आहे, पण शेवटून दुसऱ्या ओळीत 'ऑक्टोबरअखेर' हेही आहे. नोटीस पिरियडचं कलम आजच काढून वाचा, आणि ऑफिसच्या मेलवरच्या पगाराच्या स्लिपा घरच्या मेलवर घेऊन ठेवा.