ब्लँक कॉलची वही

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळायचो. नाशिकच्या डेपोने रात्री फोन लावून दिवसभराची विक्री आमच्या लिनक्स मशीनवर टाकायची, असं ठरलं. रात्री, कारण अकरानंतर एसटीडी स्वस्त पडायची.

मॉडेम म्हणजे कॉम्प्युटरला फोनलाइनवर बोलायला लावणारा डबा. त्याच्या एस-झिरो रजिस्टरमध्ये (कितव्या रिंगला उचलायचं, ती सेटिंग) १ लिहिलं की पहिल्याच रिंगला तो स्वतः फोन उचलतो. ‘एए’ (ऑटो आन्सर) दिवा लागतो, बसवणारा बिल फाडून मोकळा. मला हे कधीच पटलं नाही. मशीन हँग असलं तरी असा मॉडेम फोन घेतोच. पलीकडच्याचं मीटर पडतं आणि लॉगिन काही येत नाही. म्हणून मी एस-झिरो शून्यावरच ठेवायचो. लिनक्सवरचा एमगेटी नावाचा प्रोग्रॅम मॉडेमच्या पोर्टवर लक्ष ठेवून असतो. मॉडेमने ‘रिंग’ कळवलं की तो ‘एटीए’, म्हणजे ‘उचल’ ही आज्ञा, पाठवतो आणि मगच फोन उचलला जातो. मशीन बंद, तर फोन नुसता वाजत राहणार. नाशिकला भुर्दंड नाही.

दिवसा सगळं चोख. सेकंदाला ३३,६०० बिट्सच्या मॉडेमला २६,४०० मिळत होते. ठाणे-बेलापूर रोडच्या केबलवर, तेही पावसाळ्यात, म्हणजे चैनच. रात्री मात्र नाशिकची रोज तीच तक्रार: कुणीतरी उचलतं आणि ठेवतं. माझ्या लॉगमध्ये रात्रभर एकही रिंग नाही. डेपोवाले म्हणाले मॉडेम बदला, आमचे साहेब म्हणाले लिनक्स बदला.

शेवटी एका रात्री थांबलो. गेटवर नवा वॉचमन होता. म्हणाला, “साहेब, इथं ब्लँक कॉल लई येतात.” आधीच्या वॉचमन काकांनी वहीत लिहून ठेवलं होतं: ११.०५, ११.१०, ११.१५. नाशिकचा रीडायल पाच मिनिटांचाच होता.

एक ट्रंक, म्हणजे बाहेरची लाइन, मी कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावरून सरळ माझ्या मॉडेमच्या एक्स्टेन्शनला घेतली होती. पण घरी जाताना ऑपरेटर बोर्ड नाईट मोडवर टाकायची आणि बाहेरचा प्रत्येक कॉल गेटच्या केबिनमध्ये वाजायचा. फोन करणारा मॉडेम समोरून २,१०० हर्ट्झची शिट्टी येईपर्यंत बहुधा गप्पच असतो. काका “हॅलो, हॅलो” करून ठेवून द्यायचे.

त्यांनी रीतसर तक्रारही केली होती. त्यावर अ‍ॅडमिनने शोध लावला की हे फोन काकांच्याच भानगडीचे आहेत, आणि एजन्सीला सांगून त्यांना हलवलं. साठीला टेकलेला माणूस! मी वही पुढे ठेवली, तर ट्रंक बोर्डातून काढून थेट मॉडेमला द्यायला लगेच परवानगी मिळाली. काकांचं काय, विचारलं. “ते एजन्सी बघेल.”

काका रबाळेच्या एका गोदामावर सापडले. सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे मी फोन ठेवायला नको होता?”

“नाही काका, तो तुमच्याकडे यायलाच नको होता.”

“पण वेळा बरोबर लिहिल्या होत्या ना मी?”

बरोबर होत्या. नाशिकच्या लॉगशी मिनिटाला मिनिट जुळत होत्या. तसं त्यांना सांगितलं.